मुसळ केरात जाण्याआधी

पोळपाट तडकतो तो बहुधा वैशाखात. रात्रीच्या पोळ्या होतात, पोळपाट धुऊन ओट्यावर भिंतीला टेकवला जातो, आणि घर निजल्यावर स्वयंपाकघरातून 'कट्' असा एकच आवाज येतो. सकाळी पाहावं तर मधोमध केसाएवढी रेघ. चार दिवसांत तिच्यात कणीक अडकायला लागते, महिन्याभरात नख शिरतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "जुना झाला, लाकूड मेलं त्याचं." पोळपाट माळ्यावर चढतो आणि पुढच्या आवराआवरीत तिथून उतरतो तो थेट कचऱ्याच्या गाडीत.

हे पुस्तक त्या एका वाक्याविरुद्ध लिहिलं आहे. झाड तोडल्याला पन्नास वर्षं झाली तरी फळीचं पाणी पिणं आणि पाणी सोडणं थांबत नाही. श्रावणात हवेतला ओलावा घेऊन ती रुंदावते, वैशाखात तो सोडून आकसते. लांबीत तिला जवळपास काहीच फरक पडत नाही. पडतो तो आडव्या अंगाला. सागाचं ओलं लाकूड पार कोरडं होईपर्यंत खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५ ते ६ टक्के आकसतं, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याहून कमी. या दोन आकड्यांमधल्या तफावतीमुळेच फळी वाकते. वापरातलं लाकूड इतक्या टोकाला जात नाही. तरी कोकणातल्या पावसाळ्यात मुरलेला दहा इंची पोळपाट नागपूरच्या मे महिन्यात नेला, तर हिशोबाने त्याची रुंदी दोन ते पाच मिलिमीटर कमी व्हायला हवी. आता अशा पोळपाटाखाली पाय म्हणून दोन पट्ट्या असतात, फळीच्या नसेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडव्या, खिळ्यांनी पक्क्या ठोकलेल्या. पट्टी लांबीत बदलत नाही, वरची फळी आकसू पाहते, खिळे तिला सोडत नाहीत. या ओढाताणीत जी जागा सगळ्यात कच्ची, ती फुटते.

तेव्हा पोळपाट फुटतो तो वयाने नव्हे, खिळ्यांनी. पट्ट्या सोडवल्या, खिळ्यांच्या जागी स्क्रू घेतले आणि पट्टीतली भोकं लांबट केली, की फळीला सरकायला वाट मिळते. तीन पायांसकट एकाच लाकडातून कोरलेले जुने शिसवी पोळपाट पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्यात शिसवीच्या कणखरपणाचा वाटा आहेच. पण त्यांना खालून कुणी जखडलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

मला हे फार उशिरा कळलं. माझ्या आईच्या पोळपाटाला अशीच चीर पडली तेव्हा मी तो एका दुकानात नेला. तिथे चिरेत गोंद आणि भुसा ठासून भरला, वरून पॉलिश फिरवलं. दिसायला काम सुरेख झालं. पावसाळा आला, फळी फुगली, चीर मिटायला निघाली. पण मधे दगडासारखी भरण बसलेली. तिच्यावर रेटा पडून चीर पुढे सरकली आणि गौरीच्या दिवसांत कडेपर्यंत पोचली. तो तुकड्यांचा पोळपाट घेऊन मी आमच्या आळीच्या टोकाला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या सुतारांकडे गेले. त्यांनी चिरेकडे पाहिलंही नाही. पोळपाट उलटा केला, पायांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, चीर वर आहे, पण भांडण खाली आहे." त्या दिवसापासून सहा वर्षं मी रविवारी सकाळी त्यांच्या शेजारी बसले. या पुस्तकातलं जे बरोबर आहे त्यातलं बरंचसं त्यांच्या हातून आलं आहे. त्यांचं नाव छापू नये असं त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून ते इथे नाही.

सुतार हा बारा बलुतेदारांपैकी. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली निघालं. बलुत्याची व्यवस्था समजून घ्यायला आजही त्याच पुस्तकाकडे जावं लागतं. गावच्या सुताराचं मुख्य काम शेतीचं. नांगर, कुळव, पाभर, गाडी. खळ्यावर त्याला धान्य मिळे ते त्याबद्दल. जात्याचा खुंटा, रवीची काठी, पाटाचा पाय ही कामं औतं दुरुस्त करता करता होत. त्या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. माणसाचं काम जन्मावरून ठरवणारी आणि त्याचा मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर सोडणारी रचना मोडली, ते योग्यच झालं. शहरातल्या घरांत मात्र त्या सुताराची जागा कुणी घेतली नाही. भांड्यांना कल्हई करणारा दारावर येई, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई हाळी देत जाई. लाकडी भांडी दुरुस्त करणाऱ्याची हाळी मी तरी कधी ऐकली नाही. त्या कामातला मोठा भाग घरातल्या बायकाच करत असत. लाटणं कुठे वाळत ठेवायचं, काथवटीला केव्हा तेलाचा हात द्यायचा, रवीचे दाते काय लावून घासायचे, हे सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून लेकीकडे बोलता बोलता जाई. ते कुणी लिहून ठेवलं नाही, कारण ते काम म्हणून कुणी मोजलंच नव्हतं. स्टील, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक आल्यावर दोन पिढ्यांत ते बोलणं थांबलं. आता नॉनस्टिकच्या तव्यांमुळे लाकडी उलथणी आणि चमचे पुन्हा घरोघर आले आहेत, पण त्यांच्यासोबत यायला हवं होतं ते ज्ञान आलेलं नाही.

आणि जे थोडं उरलं आहे, तेही सगळंच बरोबर नाही. हे लिहिताना मला जड जातं, कारण यातल्या काही गोष्टी मी माझ्या आजीकडूनच शिकले. मुसळाचं घ्या. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं आणि उन्हाळ्यात ते खुळखुळायला लागतं. यावर घरोघर एकच उपाय: रात्रभर पाण्यात उभं करून ठेवायचं. सकाळी कडं घट्ट. बैलगाडीची धाव सैल झाली की चाक नदीच्या पाण्यात सोडून ठेवत, तोच हा उपाय, आणि त्या दिवसापुरता तो खराही आहे. पण आत काय होतं ते पाहा. पाणी प्यायलेल्या लाकडाला फुगायचं असतं आणि बाहेरून लोखंड त्याला जागा देत नाही. मग ते आतल्या आत आपल्याच पेशी चिरडून घेतं. वाळल्यावर ते मूळ मापावर परत येत नाही, थोडं बारीकच होतं. पुढच्या उन्हाळ्यात कडं आणखी सैल होतं, आपण आणखी भिजवतो, आणि चार-पाच वर्षांत अशी वेळ येते की कडं निसटून पायावर पडतं. विळीचं पातं पाटात हलायला लागलं, रवीची काठी बोंडात फिरायला लागली, की तिथेही आपण हेच करतो आणि तिथेही हेच घडतं.

याच्या उलट वागायचं. आधी ते लाकूड सावलीत पंधरा-वीस दिवस नीट वाळू द्यायचं, जेवढं आकसायचं तेवढं आकसू द्यायचं, आणि मग त्या कोरड्या मापावर पाचर मारायची. 'पाचर मारणे' हा शब्दप्रयोग आपण आता अडथळा आणण्यासाठी वापरतो. सुताराच्या तोंडी पाचर ही सांधा धरून ठेवणारी गोष्ट आहे, आणि ती मारण्याचा एकच नियम मी त्या सहा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकला: पाटात आरपार आलेल्या पायाच्या डोक्यात पाचर बसवायची तर ती पाटाच्या नसेला आडवी बसली पाहिजे. मग तिचा दाब नसेच्या लांबीवर जातो आणि लाकूड तो सोसतं. तीच पाचर नसेच्या दिशेने मारली की पाट उभा चिरतो.

सगळी मेहनत फुकट गेली की आपण 'मुसळ केरात' म्हणतो. पुस्तकाचं नाव तिथून आलं, पण माझ्यासाठी त्याचा अर्थ शब्दशः आहे. लग्नघरी घाणा भरायला दोन मुसळं लागतात; आंब्याची पानं बांधून सुवासिनी त्यांनी उखळात कांडण करतात. माझ्या मावशीच्या लग्नातली मुसळं आजोळच्या पडवीतली होती, तिच्या आजीच्या उंचीची. माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही हातभर लांबीची, सोनेरी रंग दिलेली जोडी विकत आणली. पडवीतली मुसळं तोपर्यंत केरात गेली होती. कडी सैल झाली म्हणून.

तेलाबद्दल या पुस्तकात सगळ्यात मोठं प्रकरण आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. घरात जे तेल असेल ते लाकडाला फासायचं अशी आपली रीत. पण तेलं दोन स्वभावांची असतात. काही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतात आणि लाकडात कायमची बसतात; काही वर्षानुवर्षं तेलच राहतात. ते ओळखायला रसायनशास्त्रात आयोडीन मूल्य नावाचं माप आहे. आकडा जितका मोठा, तितकं तेल वाळणारं. खोबरेल ७ ते १०, शेंगदाणा ९० च्या आसपास, नेहमीची करडई १४५ च्या घरात, जवस १७० ते २००. या चार तेलांत जवळपास सगळा महाराष्ट्र आला. कोकणात खोबरेल, देशावर शेंगदाणा, मराठवाड्याकडे करडई, विदर्भात जवस. आपापल्या मुलखातलं तेल प्रत्येकाने लाकडाला लावलं, आणि म्हणून एकाच सल्ल्याचे परिणाम चार ठिकाणी चार प्रकारचे झाले.

यात सगळ्यात वाईट शेंगदाणा तेल. ते वाळतही नाही आणि टिकतही नाही. महिन्याभरात खवट होतं, बोटाला चिकटतं, त्यावर धूळ बसते. लाटण्याला जो एक जुनाट वास येतो तो बहुतेक वेळा लाकडाचा नसतो, या तेलाचा असतो. खोबरेलही वाळत नाही, पण लवकर खवटही होत नाही, त्यामुळे ते चालतं. फक्त ते धुण्याबरोबर जात राहतं, म्हणून दर पंधरवड्याला नवा हात द्यावा लागतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत ते थिजतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून मग लावायचं. जवस मात्र लाकडासाठी उत्तम. कच्च्या घाणीचं, खाण्याचं जवसाचं तेल घ्यावं, अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने जे वर राहिलं असेल ते कोरड्या फडक्याने पार पुसून काढावं. पुसणं टाळलं की चिकट थर बसतो आणि तो महिने महिने वाळत नाही. असे तीन हात, दोन हातांमध्ये आठवड्याचं अंतर, आणि शेवटच्या हातानंतर महिनाभर वापर नाही. धीर नसेल त्यांनी औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन लावावं. ते वाळत नाही, पण कधी खवटही होत नाही. कुठल्याही तेलात चौथा हिस्सा मधमाशीचं मेण मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवलं, तर पाण्याला अडवणारा छान लेप होतो.

इथे दोन गोष्टी ठासून सांगायला हव्यात. रंगाच्या दुकानात मिळणारं 'उकळलेलं' जवसाचं तेल स्वयंपाकघरात आणू नये. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात आणि ते पोटात जाण्यासाठी नाहीत. दुसरी गोष्ट फडक्याची. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं, तर वाळताना त्यात उष्णता तयार होते, बोळ्यातून ती बाहेर पडत नाही, आणि फडकं आपोआप पेटू शकतं. हे खरोखर घडतं. फडकं दोरीवर पसरून वाळवावं, नाहीतर पाण्यात बुडवून मगच टाकावं. लहान मुलं असलेल्या घरात हे काम करताना मी फडकी मोजून घेते आणि मोजून वाळत घालते.

तेल कुठे लावायचं, हाही प्रश्नच आहे. लाटणं हातात घेऊन त्याची दोन टोकं पाहा. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात. पाणी नसेच्या दिशेने जितक्या वेगाने आत शिरतं, तितकं आडव्या अंगाने शिरत नाही. दहा-पंधरा पटींचा फरक असतो. आपण मधल्या गुळगुळीत भागाला प्रेमाने तेल चोळतो आणि टोकं तशीच सोडतो. चाटूचंही तेच. धुऊन उभ्या डब्यात ठेवलेल्या चाटूचं पाणी ओघळून तळाशी साचतं आणि दांडीचं टोक दिवसभर त्या पाण्यात बसतं. म्हणून चाटू आधी दांडीच्या बाजूने काळा पडतो, शिजवण्याच्या बाजूने नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. डब्याच्या तळाला चार भोकं पाडली तरी ते साधतं.

कुठलं काम कोणत्या महिन्यात करावं हेही मी या पुस्तकात नेमून दिलं आहे, आणि त्याबद्दल माझा आग्रह आहे. चीर सांधायची ती दिवाळीनंतर, मार्गशीर्षाच्या आसपास. तेव्हा लाकूड ना फुगलेलं असतं, ना पार आकसलेलं. त्या मापावर जोडलेला सांधा दोन्हीकडचे ऋतू सोसतो. वैशाखात उघडी दिसणारी चीर त्याच महिन्यात भरणं म्हणजे माझ्या आईच्या पोळपाटाची गत करून घेणं. तेलाचं काम मात्र फाल्गुनात, कारण कोरड्या उबदार हवेत जवस लवकर वाळतं. पापड-कुरडयांचं लाटणं सुरू होण्याआधी भांडी महिनाभर मोकळी सोडता आली पाहिजेत, तेव्हा गुढीपाडव्याच्या आतच उरकावं हे बरं. पावसाळ्यात दुरुस्ती करूच नये. फक्त वारा लागू द्यावा.

गोंदाबद्दल थोडक्यात. जुने सुतार सरस वापरत. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात आणि गरम पाण्याने सुटतो. खुर्चीला ते वरदान, कारण पुढे कधी खोलायची वेळ आली तर खोलता येते. पोळपाटाला ते कामाचं नाही. साधा पांढरा सुतारी गोंदही सततच्या पाण्यात मऊ पडतो. पाण्यात टिकणारा घ्यावा आणि सांधा शिकंज्यात दिवसभर दाबून ठेवावा. सागाच्या लाकडात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे त्यावर गोंद नीट धरत नाही. सांध्याची जागा त्याच दिवशी पॉलिश पेपरने घासून ताजी करावी. काथवटीसारख्या खोलगट भांड्याची चीर मला गोंदाने सांधायला आवडत नाही. चिरेच्या दोन्ही अंगांना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने ती शिवावी. तार थोडं हालू देते. फळीची मोठी चीर असेल तर तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी खाचेत बसवावी. डमरूचे दोन्ही फुगीर भाग चिरेला ओढून धरतात. दोन्ही कामं चित्रांसह पुढे दिली आहेत.

काही दुरुस्त्या इतक्या सोप्या आहेत की त्या माहीत नसल्याचं वाईट वाटतं. लाटणं पडून त्याला पोचा आला, तर त्या जागी ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवावी. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तंतू तुटले असतील तर मात्र येत नाहीत, तिथे घासणंच आलं. वाटीसारखा वाकलेला पोळपाट सपाट करायला त्यावर वजन ठेवून उपयोग नाही. जी बाजू खोलगट झाली ती जास्त सुकलेली असते. ती खाली करून ओलसर फडक्यावर ठेवावी, फुगीर बाजू वर, हवेला उघडी. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो सरळ होतो. आणि पुन्हा वाकायचा नसेल तर यापुढे धुताना दोन्ही बाजू धुवायच्या आणि दोन्हींना वारा लागेल असा उभा ठेवायचा. विळीच्या पाटाला पात्याभोवती जो काळा डाग पडतो तो घाण नसतो. बाभूळ-सागासारख्या लाकडातलं तुरट द्रव्य आणि लोखंड पाण्यात भेटलं की काळा रंग तयार होतो. लिंबू आणि मिठाने तो बराच फिका होतो.

लाकडी भांडी अस्वच्छ असतात, असं मला आजही सुशिक्षित घरांत ऐकायला मिळतं, विशेषतः भाजी चिरायच्या फळीबद्दल. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले डीन क्लिव्हर आणि त्यांचे सहकारी लाकडी फळ्या निर्जंतुक कशा करायच्या हे शोधायला निघाले होते. १९९४ साली त्यांचे जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते त्यांच्या अपेक्षेच्या उलट होते. लाकडावर सोडलेले जंतू आत शोषले गेले आणि पृष्ठभागावर पुन्हा सहजी सापडेनात. चाकूच्या चरांनी भरलेल्या प्लास्टिकच्या फळीवर मात्र हाताने धुऊनही ते टिकून राहिले. याचा अर्थ लाकूड धुवायला नको, असा कुणी घेऊ नये. मासे-मटणाची फळी वेगळी हवी, धुणं लगेच हवं, वाळणं पूर्ण हवं. भांडी धुण्याच्या यंत्रात लाकूड कधीही घालू नये. तिथलं गरम पाणी आणि लगेच येणारी कोरडी गरम हवा म्हणजे श्रावण आणि वैशाख एका तासात.

भांड्याजवळ बारीक पिठासारखा भुसा दिसू लागला तर किडा लागला असं समजावं. तो बहुधा गाभ्याबाहेरच्या फिकट लाकडात असतो, कारण त्याचं खाणं तिथे. आपल्याकडे यावर रॉकेल किंवा फवारा मारतात. जेवणाच्या भांड्यावर ते चालणार नाही. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवावी. पिशवी बाहेर काढल्यावर एक दिवस तशीच बंद राहू द्यावी, नाहीतर थंड लाकडावर पाणी सुटतं.

काही गोष्टी दुरुस्त करू नयेत, हेही सांगायला हवं. नख रुतेल इतका मऊ पडलेला चाटू, पापुद्रे सुटलेला प्लायवुडचा पोळपाट, कशाचा रंग आहे ते कळत नाही असं रंगवलेलं उलथणं, यांच्यावर वेळ घालवू नये. प्लायवुडच्या थरांमधली राळ खाण्याजवळ नको, आणि मऊ पडलेलं लाकूड पुन्हा कडक होत नाही. पण जुनी शिसवी वस्तू हाती आली तर टाकण्याआधी दहादा विचार करावा. शिसव ज्या प्रजातीतली, त्या दलबर्गिया प्रजातीतल्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या कराराच्या नियंत्रणाखाली आहे. जंगलातली मोठी झाडं विरळ झाली आहेत. तुमच्या माळ्यावरच्या पोळपाटाएवढ्या रुंदीचं, दाट नसेचं शिसवी लाकूड आज सहज मिळणार नाही.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर घरोघरच्या वस्तू जमवल्या आणि तो संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाला दिला. गोव्यात बाणावलीच्या 'गोवा चित्र' संग्रहालयात शेतीची आणि घरकामाची जुनी अवजारं सांभाळून ठेवली आहेत. दोन्ही ठिकाणी मी तासन्‌तास उभी राहिले आहे, आणि तिथल्या वस्तू जपणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. माझं पुस्तक मात्र अजून हातात असलेल्या वस्तूंबद्दल आहे, ज्यांच्यावर उद्या सकाळी पोळी लाटायची आहे. म्हणून यात तारखांपेक्षा मापं जास्त आहेत. तेलाचं प्रकरण सोडलं तर प्रत्येक प्रकरण एका वस्तूचं: पोळपाट, लाटणं, काथवट, रवी, विळी, मुसळ, मोदकाचा साचा, चाटू आणि चमचे. करवंटीच्या डवलीला एकच पान दिलं आहे. करवंटी लाकडासारखी फुगत-आकसत नाही, सैल होते ती फक्त तिच्या दोन भोकांतून गेलेली दांडी, आणि ती बदलणं पाच मिनिटांचं काम आहे.

हे वाचून कामाला लागायचं असेल तर एवढी सामग्री पुरे: एक अर्ध्या इंचाची पटाशी, एक कानस, दोन छोटे शिकंजे, १२०, २२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, आणि तेल. सुताराला विचारायला लाजू नये. माझा अनुभव असा की रस्त्यावर बसणारा कारागीरही पोळपाट हातात घेतला की दोन गोष्टी जास्तच सांगतो.

सुरुवात आज रात्रीच करता येईल. भांडी आवरून झाली की लाटणं कोरडं करून उभं धरा आणि वरच्या टोकावर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर लाटणं परत जागेवर ठेवा. पाहता पाहता आत जिरला आणि मागे काळसर ठिपका राहिला, तर ते टोक रात्रभर वाळू द्या, सकाळी तेल लावा आणि मग पहिलं प्रकरण उघडा.